सागवानी चौकटीतली गोदी

अ‍ॅम्ब्रोज पिंडर. घेतलं मी नाव. कोसळलं का आभाळ?

आमच्या पोर्टलंड बेटावर दोन नावं घेत नाहीत. एक त्या लांब कानांच्या जनावराचं. बिळात राहतं, गाजरं खातं, तुम्हाला कळलं कोण ते. दगडाच्या खाणीत दरड सुटायच्या आधी ते बिळातून बाहेर पळतं म्हणतात, म्हणून ते दिसलं की खाणकामगार पहार खाली टाकून सरळ घरी यायचे. माझा बाप यायचा, त्याचा बाप यायचा. ते नाव मीही घेत नाही, उगाच कशाला विषाची परीक्षा. पण दुसरं नाव माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं, आणि ते मी जन्मभर मुद्दाम, घसा ताणून घेत आले. मला थर्झा म्हणतात. बेटावरची सगळ्यात तोंडाळ म्हातारी कुठे राहते विचाराल, तर लहान मूलही तुम्हाला माझ्या दाराशी आणून सोडेल.

अ‍ॅम्ब्रोज इथला नव्हता. उत्तरेकडच्या कापडगिरण्यांच्या कुठल्याशा गावातला. युद्धात आरमारात होता, आणि युद्ध संपल्यावर घरी जायचं सोडून आमच्या रस्त्यावर, चिझवेलमध्ये, फोटोचं दुकान काढून बसला. खलाशी यायचे, भांग पाडून फोटो काढायचे, आयांना पाठवायचे. आमची हेस्टर गेली होती मावसबहिणीला सोबत म्हणून, आणि आली ती कान लाल करून.

"थर्झा, तो मला म्हणाला, हनुवटी जरा वर करा."

"मग?"

"मग काय, केली वर."

तिथेच मी ओळखलं की ही गेली. आईने डोक्याला हात लावला. पुलापलीकडून आलेल्या माणसाला आम्ही किंबरलिन म्हणतो, म्हणजे बाहेरचा, आणि किंबरलिन इथे म्हातारा होऊन मेला तरी थडग्यात किंबरलिनच असतो. बाप तेवढा म्हणाला, "फोटो काढतो ना? बरंय. खाणीतली कुणाची जागा तर खात नाही." एवढ्यावर लग्न झालं.

नव्या राणीला मुकुट चढला त्या वर्षी सगळं आरमार आमच्या बंदरात येऊन उभं राहिलं होतं. अ‍ॅम्ब्रोजने रीतसर परवानगी काढली, शिक्का मारून घेतला, आणि कॅमेरा पाठीवर मारून किल्ल्याच्या टेकडीवर जाऊन बसला. ढग काही हटेनात. हेस्टर रोज वर भाकरतुकडा पोचवायची आणि खाली येऊन मला सांगायची, "अजून आभाळाची मनधरणी चाललीय." मग एके दुपारी ऊन पडलं आणि त्याला पाहिजे तो फोटो मिळाला. अख्खी गोदी आली होती त्यात. आमच्या आजोबा-पणजोबांनी दगड काढून बांधलेला समुद्रातला लांबलचक बांध, माल उचलायच्या याऱ्या, कोळशाच्या वखारी, राखाडी बोटींच्या रांगा. आणि खाली डाव्या कोपऱ्यात, नीट पाहिलं तर, आमची गल्ली आणि दोरीवर वाळत घातलेली आईची चादर.

चौकट तो स्वतः करायचा. मोडीत निघालेल्या बोटींच्या फळ्या भंगारवाल्याकडून आणायचा, तुमच्याकडचंच सागवान ते, खारं पाणी पिऊन काळं झालेलं. कोपऱ्याला खिळा नाही, नुसता जोड. नख घालून बघा, शिरायचं नाही. एकदा मी म्हटलं, "अरे, खाली नाव तरी टाक स्वतःचं."

"टाकलंय. चौकटीच्या आत जातं ते."

"आत गेलं तर कोण वाचणार?"

"वाचायचं कशाला? लोकांनी गोदी बघायची, मला नाही."

असा मुलखाचा खुळा. बेटावर कुणाचं लग्न निघालं की नवरीच्या नव्या घरी तो ती तसबीर पोचती करायचा. पैसे नाही घ्यायचा. पाच-सहा वर्षांत अशी गत झाली की कुणाच्याही घरी जा, चुलाण्यावरच्या फळीवर घड्याळ, आणि घड्याळावर गोदी. लोक पाहुण्यांना बोट लावून दाखवायचे, ते बघा आमचं छप्पर. हो, पण दाराबाहेर तो किंबरलिनच होता.

त्याला एकच गोष्ट पाहिजे होती, आणि ती रापण, किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून दोरांनी ओढायच्या मोठ्या जाळ्यातली जागा.

आमच्या घरांच्या मागे गोट्यांचा किनारा आहे, मैलोनमैल. उन्हाळ्यात तिथे बांगडा लागतो. बांगड्याची झुंड आली की पाणी काळं पडतं, आणि जो ते पहिल्यांदा बघेल तो गल्लीतून पळत येतो आणि दारोदार रापणीच्या गड्यांना हाका मारतो. नुसतं "बांगडा आला" ओरडून भागत नाही. प्रत्येक दाराशी त्या माणसाचं नाव घ्यायचं. नाव घेतलं की हातातलं टाकून दोराला हात लावायला पळायचं, मग लग्न असो का मयत. आणि ज्याचं नाव घेतलं नाही त्याने दोराला शिवायचं नाही. हाक मारायचा मान रापणीच्या म्होरक्याचा. आमच्या गल्लीत तो मान जेबेझ लॅनोचा होता. जेबेझ धिप्पाड गडी, खाणीत दगड फोडून फोडून मान कधीच खांद्यात गेलेली, आवाज असा की कोंबड्यांनी अंडी द्यायचं बंद करावं. त्याची आणि अ‍ॅम्ब्रोजची संध्याकाळी गुत्त्यात चांगली बसायची, तरी हाक मारताना जेबेझ त्याचं दार सोडून पुढे जायचा. बाहेरच्याला रापणीत कोण घेतं?

आणि मग एका वर्षी त्याने हाक मारली. का मारली देव जाणे. सगळ्यांना घेतलं, आणि अ‍ॅम्ब्रोजच्या दाराशी थांबून एवढ्या मोठ्याने ओरडला, "अ‍ॅम्ब्रोज! बांगडा!"

अ‍ॅम्ब्रोज आतल्या काळोख्या खोलीत कुणाच्या तरी लग्नाचे फोटो धूत होता. दार सताड उघडं टाकून तो पळाला. उजेड शिरला, सगळं लग्न काळं झालं. संध्याकाळी आला, तर पायापासून डोक्यापर्यंत खवल्यांनी चमकत होता, हाताची सालटी निघालेली.

"थर्झा, माझं नाव घेतलं गं त्याने. ऐकलंस?"

"पलीकडच्या गावानेही ऐकलं, मेल्या. नवरी रडतेय तिकडे, तिचं काय करणार आहेस?"

त्या दोघांना पुन्हा कपडे चढवून त्याने फोटो काढून दिले, आणि चार बांगडे वर. त्या दिवसापासून मे महिना लागला की त्याचे बूट दाराच्या आत, नाडी सैल करून, तेल लावून तयार असायचे. हेस्टर त्यांना अडखळायची आणि शिव्या घालायची. सुखाचे दिवस होते ते.

मग सिरिलचं प्रकरण झालं.

सिरिल म्हणजे जेबेझच्या बहिणीचा मुलगा. इथेच जन्मलेला, इथल्याच शाळेत शिकलेला, गोदीत कारकून होता, बोटींचे नकाशे ठेवतात त्या खोलीत. गुळगुळीत बोलायचा. घरात नवा गालिचा आला, मोटार आली, तेव्हा लोक म्हणाले, पोरगा हुशार आहे. एका हिवाळ्यात त्याला लंडनमध्ये धरलं, परक्या देशाच्या माणसाच्या हातात नकाशे देताना. वर्षानुवर्षं चाललं होतं म्हणे. पेपरवाल्यांनी बेट डोक्यावर घेतलं. आणि एका पेपरात पहिल्या पानावर सिरिलच्या घराचा फोटो आला: रिकामी खुर्ची, चुलाणं, घड्याळ, आणि घड्याळावर अ‍ॅम्ब्रोजची गोदी. खाली लिहिलं होतं, हेराच्या भिंतीवरची तसबीर.

असणारच ना ती तिथे! सिरिलच्या लग्नात दिलेली. ती काय एकट्या त्याच्या भिंतीवर होती?

पोलिसांनी अ‍ॅम्ब्रोजला बोलावलं, विचारलं ते विचारलं, परवानगीचा शिक्का पाहिला. हाच फोटो पोस्टकार्डावर धक्क्याजवळच्या टपरीत कुणालाही मिळत होता. चहा पाजून त्याच दिवशी घरी सोडलं. पोलिसांपुरतं ते तिथे संपलं.

आमच्या लोकांपुरतं तिथे सुरू झालं. बेटाचा पोरगा, बेटाच्या रक्ताचा, देश विकतो? छे! ते त्यांच्या डोक्यात शिरतच नव्हतं. कुणीतरी बाहेरून येऊन त्याला नासवलेलं असणार. आणि बाहेरचा आमच्या गल्लीत एकच होता. गुत्त्यात जेबेझ मूठ आपटून बोलत होता, मी दारातून ऐकलं आणि सरळ आत घुसले.

"गोदीचा नकाशा घराघरात कुणी टांगला?" तो म्हणत होता. "फुकट वाटला. फुकट कुणी वाटतं का काही?"

"नकाशा?" मी म्हटलं. "धुणं वाळत घातलेला नकाशा? त्या परक्या देशाला काय माझ्या आईची चादर पळवायची होती, जेबेझ?"

कुणी हसलं नाही. जेबेझ ग्लासात बघत म्हणाला, "थर्झा, घरी जा. तुझी बहीण आहे म्हणून बोलत नाही."

"बोल ना! तुझा भाचा तुझ्या नाकाखाली गालिचे अंथरत होता, तेव्हा तू बोललास का?"

त्याचं तोंड पांढरं पडलं. खरं लागलं की माणूस चिडतो, पण तो चिडला नाही, आणि मी तिथेच समजायला हवं होतं की आता हा हटणार नाही. बहिणीचं घर बसलं होतं त्याच्या. त्याला कुणीतरी पाहिजेच होतं.

दुसऱ्या सकाळी अ‍ॅम्ब्रोजच्या पायरीवर तसबिरी होत्या. भिंतीकडे तोंड करून टेकवलेल्या. पुढच्या सकाळी आणखी. कुणी दार वाजवलं नाही, कुणी शिवी दिली नाही, कुणी दगड मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. अ‍ॅम्ब्रोज एकेक उचलायचा, बाहीने काच पुसायचा, मागच्या खोपटात नेऊन ठेवायचा. "ही सायलसच्या घरची," म्हणायचा, "धुराने पिवळी झालीय बघ." बेटभरात एकच तसबीर भिंतीवर राहिली, माझी.

आणि त्याचं नाव गेलं. कुणी ठरवलं नाही, सभा नाही घेतली. आम्हाला ती सवय जन्माची आहे ना, जे नको ते तोंडातून काढायचंच नाही. आधी "तो" झाला, मग "पुलापलीकडचा" झाला. दुकानात पोरांनी विचारलं तर आया ओठांवर बोट ठेवायच्या, त्या लांबकान्यासाठी ठेवतात तसं. दुकान बसलं. तो रोज पूल ओलांडून पलीकडच्या गावात कुणाच्या तरी स्टुडिओत पासपोर्टचे फोटो काढायला जायला लागला. हेस्टर म्हणायची, जाऊ या इथून. तो म्हणायचा, "उन्हाळा येऊ दे."

उन्हाळा आला. बूट दाराशी आले. जेबेझ गल्लीतून ओरडत आला, सायलस, रूबेन, एकेक दार, आणि अ‍ॅम्ब्रोजच्या दारावरून असा गेला जसं तिथे दारच नाही. मी समोरून पाहत होते. हा खिडकीत उभा, बूट चढवलेले.

हेस्टर रडकुंडीला आली. "जा ना तू! न बोलावता जा. काय करणार आहेत ते?"

"न बोलावता दोराला हात लावत नाहीत, हेस्टर," तो म्हणाला. "तुमच्याच बेटाची रीत आहे."

दर उन्हाळ्यात हेच. मला त्याचा संताप यायचा, खोटं कशाला बोलू. वाटायचं, जाऊन ते बूट चुलीत घालावेत. कुणाची वाट बघतोस, अरे? त्या दगडफोड्याची? पण तो काय बोलायचा? "जेबेझ वाईट नाही, थर्झा. त्याचा नाइलाज झालाय." असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं!

हेस्टर आधी गेली. छातीचं दुखणं होतं. तिच्या मयतीला गल्ली आली, खांदा द्यायला जेबेझही आला. टोपी काढून माझ्यापाशी म्हणाला, "बहिणीचं वाईट झालं, थर्झा." तिचा नवरा माझ्या कोपराला कोपर लावून उभा होता. त्याच्यातून आरपार बघितलं मेल्याने.

वर्षं गेली. मग एक दिवस सरकारने सांगितलं, गोदी बंद. आरमार निघून चाललं. ज्या गोदीवर अर्ध्या बेटाची चूल पेटत होती, तिथे कुलूप लागणार होतं. आता सगळ्यांना उमाळे आले. प्रार्थनाघराच्या दालनात गोदीच्या आठवणींचं प्रदर्शन करायचं ठरलं, आणि कुणाला तरी आठवलं, तसबिरी होत्या ना घरोघरी, कुठे गेल्या?

मी अ‍ॅम्ब्रोजकडेच सूप घेऊन गेले होते तेव्हा दार वाजलं. जेबेझची नात टॅम्सिन, तोंडभर हसणारी, गुणी पोर. फाटकाबाहेर जेबेझ काठीवर टेकून उभा. नातीने आणलं म्हणून आला असावा, पण आत पाऊल टाकलं नव्हतं.

"आजोबा," टॅम्सिन अ‍ॅम्ब्रोजला म्हणाली, "जुन्या तसबिरी तुमच्याकडे आहेत असं ऐकलं. प्रदर्शनाला द्याल का?"

त्याने खोपट उघडून दिलं. काय सांगू, एकेक काच लखलखत होती. एवढी वर्षं तो त्या पुसत होता. टॅम्सिनने एक उचलून उजेडात धरली. "किती सुंदर आहे हे! हे कुणी काढलंय?"

"मी."

"तुम्ही? अगं बाई! मग तुमचं नाव खाली लिहायला हवं. काय नाव तुमचं?"

तिने खरंच विचारलं हो. खोचक नाही, काही नाही. तिने ते कधी ऐकलंच नव्हतं. त्याच गल्लीत जन्मून, वाढून, त्याच दारावरून शाळेत जाऊन त्या पोरीला त्याचं नाव माहीत नव्हतं. तिच्या आईलाही नसेल.

माझ्या ओठांवर आलं होतं. अ‍ॅम्ब्रोजने माझ्या दंडावर हात ठेवला. तो फाटकाकडे बघत होता. "तुझ्या आजोबांना विचार," तो म्हणाला. "त्यांना ठाऊक आहे."

टॅम्सिन वळली. "आजोबा? यांचं नाव काय?"

जेबेझने काठी या हातातून त्या हातात घेतली. मला वाटलं, बोलतो आता. देवा, बोल. मग म्हणाला, "वारा सुटलाय. चल, पोरी."

अ‍ॅम्ब्रोजने सगळ्या तसबिरी देऊन टाकल्या. प्रदर्शनात त्यातली एक मधोमध लावली होती, खाली कार्ड: छायाचित्रकार अज्ञात. मी अ‍ॅम्ब्रोजला चांगला कोट घालून नेलं होतं, ते वाचून माझं डोकंच फिरलं. "थांब, आत्ता फोडते ही चौकट सगळ्यांसमोर. आत आहे ना नाव?"

"नको, थर्झा. चांगला जोड आहे तो. पुन्हा तसा बसायचा नाही."

जोडाची काळजी! मी त्याला तडक घरी आणलं.

त्यानंतर जेबेझचं डोकं गेलं. म्हातारपणी जातं तसं. टॅम्सिनला बहिणीच्या नावाने हाक मारायचा, आपलंच घर विचारत फिरायचा. रापण तर कधीच मोडली होती. रूबेनच्या घरात, सायलसच्या घरात आता उन्हाळी पाहुणे उतरायचे. आणि तशातच, एका जूनमध्ये, सकाळी सकाळी गल्लीत ओरडा ऐकू आला. मी पडदा सारला, तर जेबेझ. रात्रीच्या कपड्यांत, अनवाणी. मागे किनाऱ्यावर पाणी खरंच काळं पडलं होतं.

"सायलस! बांगडा!"

सायलस मरून जमाना झाला. त्याच्या दारातून एक चड्डीवाला पाहुणा डोळे चोळत बाहेर आला. जेबेझ पुढे सरकला होता. "रूबेन! बांगडा!" तोच आवाज, तोच क्रम, एकही दार चुकत नव्हतं. आणि रूबेनच्या पुढचं दार अ‍ॅम्ब्रोजचं.

मी समोर पाहिलं. खिडकीत अ‍ॅम्ब्रोज, अंगावर बंडी, पायांत बूट. मी मनात म्हटलं, आता याला काय आठवतंय? भाचा आठवत नाही, पेपर आठवत नाही, साल आठवत नाही. आता तरी म्हणेल.

जेबेझ दाराशी थांबला. दाराकडे बघितलं. तोंड उघडलं, ओठ हलले. अ‍ॅम्ब्रोजचा हात कडीवर होता, मला दिसत होता. आणि मग जेबेझने मान खाली घातली, ओठांवर बोट ठेवलं, आणि त्या दारापुरता चवड्यांवर चालत पुढे गेला. पुढच्या दाराशी पुन्हा गरजला, "नेथन! बांगडा!"

स्वतःच्या नातीचं नाव विसरला होता तो. याचं घ्यायचं नाही, हे विसरला नव्हता.

मला राहवलं नाही. मी रस्त्यात आले आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडले, "अ‍ॅम्ब्रोज! अ‍ॅम्ब्रोज पिंडर! बांगडा आला!"

दार उघडलं. तो उंबऱ्यात आला. क्षणभर वाटलं, पळत सुटेल. पण तो नुसता माझ्याकडे बघून हसला, आजाऱ्याकडे बघून हसतात तसा.

"तू नव्हे गं, थर्झा."

मग पायरीवर बसून नाड्या सोडायला लागला. बोटं वळत नव्हती. मी वाकले, तर म्हणाला, राहू दे. बूट काढले, चिंधीने पुसले, आणि आत नेऊन कपाटात ठेवले. जून महिना होता, सगळा हंगाम पुढे पडला होता. ते बूट नंतर मीच बाहेर काढले, त्याला पोचवायला न्यायच्या दिवशी.